तारली खाल्लेलं डुक्कर

डुक्कर चिऱ्याच्या भिंतीला डोकं लावून उभं होतं आणि भिंत ढकलत होतं. मागचे पाय सरकत होते, भिंत जागची हलत नव्हती, तरी ढकलत होतं. काठीनं टोचलं तर वळलं नाही. डोळ्यांपुढे हात हलवला तर पापणी हलली नाही. त्याच्या पलीकडचं कुत्र्यासारखं ढुंगणावर बसलं होतं, नाक वर करून, आणि बसल्या जागी मागे मागे जात होतं. तिसरं आडवं पडून पाण्यात पोहल्यासारखे चारही पाय मारत होतं. तोंडाला फेस. त्या खणात चौदा डुकरं होती, विकायला तयार झालेली, आणि एकही धड उभं नव्हतं.

दोन दिवस गेलेली लाईट तेवढ्यात आली. बोअरची मोटर सुरू झाली. माझी भाची संगीता पाइप घेऊन धावली, की डोण भरू दे, जनावरं तहानेली आहेत. तिच्या कमरेला खोचलेल्या फोनमधून जनावरांची डॉक्टरीण ओरडत होती, "ताई, पाणी सोडू नका! ऐकताय का? एकदम प्यायली तर डोक्यात सूज येईल, जागेवर मरतील. पेला-पेला द्या, तासातासानं."

संगीता पाइप धरून तशीच उभी. पाणी तिच्या पायांवर पडत होतं. मी जाऊन नळ बंद केला.

तिचा नवरा महेंद्र दारात रिकामं पोतं घेऊन उभा होता. पोत्याच्या शिवणीत मीठ साचलं होतं, पांढरं, बोटानं खरवडण्याइतकं. डॉक्टरीण विचारत होती, खायला काय घातलं, कधीपासून घातलं. तो माझ्याकडे बघत होता. बघणारच. सुकी मासळी घाला, असं त्याला मीच सांगितलं होतं.

खेडहून निघाले ते का

मी खेड तालुक्यातली. चौथीपर्यंत शाळा केली, पुढे गुरं, शेत आणि डुकरं केली. आमच्या वाडीत डुकरं पाळणारी आता मी एकटीच उरले. चार-पाच असतात. काळी, आपली गावठी. लोक नाकं मुरडतात आणि लग्नाच्या आदल्या दिवशी मागच्या दारानं येऊन विचारतात, "काकी, एखादं हाय का गो तयार?"

संगीता माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. तिला रत्नागिरीजवळ दिली. महेंद्र मुंबईत कंपनीत होता, कंपनी बंद पडली, गावी आला. कुठल्याशा सरकारी ट्रेनिंगला गेला आणि सड्यावर पत्र्याची शेड घालून पांढरी डुकरं आणली. त्या पांढऱ्यांना नावंही इंग्रजी. गोव्याची एक बाई मिळाली, फिलोमिना म्हणून. ती डुकराच्या मांसाच्या माळा करते. मसाला भरलेली आतडी, दोऱ्यानं बांधून टांगतात, महिनोन् महिने टिकतात. तिनं सांगितलं, माल चांगला असेल तर दर दोन महिन्यांनी एक खेप घेईन. नवरा-बायकोचा सगळा भरवसा त्या एका बाईवर.

भातकापणीच्या वेळी आमच्या गावचा एक जण रत्नागिरीहून येत होता, त्याच्याजवळ संगीतानं मला दोन किलो मांस पाठवलं. बर्फ घालून. मी डबा उघडला आणि आधी वाटलं, हिनं मासे पाठवले. चरबी पिवळी, ओली. अंगठ्यानं दाबली तर अंगठा आत गेला. आमच्या डुकराची चरबी दाबून बघा, बोट आपटून परत येतं. तरी मी मीठ-हळद लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरात खवट वास. चरबी वेगळी काढून कढवली, गाळली, बरणीत ओतली. आमची चरबी थंडीत डालड्यासारखी थिजते, पांढरी, चमचा उभा राहतो. चरबीच्या एका डब्यावर आमचा पावसाळा जायचा. ही थिजेचना. पहाटेच्या गारठ्यात बरणी ओट्यावर ठेवली, सकाळी पाहते तर तेल ते तेलच.

मी फोन केला. "काय गो घालतेस डुकरांना?"

संगीता रडायला लागली. फिलोमिनानं पहिली खेप परत केली होती. मांस नाही, तयार माळाच. टांगल्यावर आठ दिवसांत तेल गळून खाली थारोळं झालं आणि माळांना कुजक्या तेलासारखी घाण सुटली. फिलोमिना फोनवर तिला म्हणाली, "बाये, तुवें म्हाका दुकर धाडला काय बांगडो?" एक संधी आणखी देते म्हणाली. पुढची खेप तशीच निघाली तर पुढे फोन करू नको.

भात झोडून झालं होतं. माझी डुकरं शेजारणीच्या गळ्यात घातली, संगीताच्या चरबीची बरणी आणि माझ्या चरबीचा डबा शेजारी शेजारी पिशवीत घातले आणि एसटीत बसले.

रस्ता

रस्त्याबद्दल काय लिहू? ज्यांनी तो केला त्यांना त्याच्यावरून रोज न्यायला पाहिजे, बसवून नाही, आडवं झोपवून. संगमेश्वरला गाडी थांबली तेव्हा उतरून चहा प्यायले. तिथला वडा चांगला होता, एवढं एकच चांगलं आठवतं.

शेजारी एक बाई बसली होती, नीटनेटकी, चिपळूणहून चढलेली. तिच्या पायाला माझी पिशवी लागली तशी तिनं आत डोकावलं.

"कसलं तेल हो? तूप आहे का? रंग छान आहे."

"डुकराची चरबी."

"कोणाची?"

"डुकराची. ही माझ्या डुकराची, ही भाचीच्या. तुम्हीच सांगा, कुठली बरी दिसते?"

ती उठली आणि पुढे जाऊन उभी राहिली. हातखंब्यापर्यंत उभी होती. कंडक्टर म्हणाला, "आजी, कशाला सांगितलं?" मी म्हटलं, "तिनं विचारलं म्हणून. तुम्हीही बघा पाहिजे तर." त्याला मात्र गंमत वाटली. डबा उघडून वास घेतला, म्हणाला, "हिचा काहीच वास येत नाही." बरणी उघडली आणि लगेच झाकण लावलं. "ही गाडीत उघडू नका."

हे त्या कंडक्टरला कळलं. महेंद्रला ट्रेनिंग घेऊन कळलं नाही.

सडा

ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांना सांगते. डोंगराचं डोकं कापून टाकल्यासारखी सपाटी, काळा-तांबडा कातळ, पावसात गवत आणि एरवी काही नाही. झाड नाही, सावली नाही. खाली दरीत आंबा, काजू, माणसं. वर वारा. आमच्याकडे खेडला नदीकाठची माती, फावडं मारलं की खड्डा. इथं फावड्याची धार जाते. पाणी बोअरचं, आणि बोअर लाईटवर.

शेड मात्र चांगली होती. चिऱ्याच्या भिंती, सिमेंटची जमीन, धुतलेली. डुकरं तरी केवढी! आमची दोन मिळून त्यांचं एक. मी मनात म्हटलं, पोरानं मेहनत केली आहे. मग वारा फिरला आणि वास आला. शेडमागं निळी पिंपं ओळीनं. त्यांत मासळी. मुंडकी, पोटं, आणि अख्खी तारली, फुटलेली, तेल वर तरंगणारी. जेटीवर पडून राहिलेला माल आणि मासळीच्या एका कारखान्याची घाण, हा रोज गाडी भरून आणत होता.

"फुकट आहे मावशी," महेंद्र म्हणाला. "आणि प्रोटीन केवढं! वजन बघा ना. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय मासळी घालायला."

"आणि कापायच्या आधी बंद कधी करायची, ते नाही सांगितलं?"

"सांगितलं असेल," तो म्हणाला. "तो तास जेवणानंतरचा होता."

रात्रीच्या जेवणाला संगीतानं डुकराचं कालवण केलं होतं. वाटप छान, कोकम घातलेलं, आणि वर तिरफळं तरंगत होती. बांगड्याच्या तिखल्यात घालतात तशी.

"डुकरात तिरफळ?"

"वास मरतो मावशी."

"वास मारायला मसाला लागतो तेव्हा चूक मसाल्यात नसते गो." मी एक तुकडा चावला आणि ताटाच्या कडेला काढून ठेवला. भात आणि नुसतं मीठ-लिंबू खाल्लं. महेंद्रनं दोनदा वाढून घेतलं. त्याच्या नाकाला तो वास कळायचा बंद झाला होता.

जेवण झाल्यावर मी दोन्ही चरब्या त्याच्यासमोर ठेवल्या. आमच्या आईची रीत सांगितली. डुक्कर एरवी काय पाहिजे ते खाऊ दे, पण लग्नासाठी राखलं की शेवटचे दोन महिने बांधून खायला घालायचं. ताजा कोंडा, तोही थोडा, नाचणीचं भरड, उकडलेली कणगी, म्हणजे रताळ्यासारखे कंद, फणसाच्या आठळ्या. शिळा कोंडा नाही, तोही तेल सुटून कडू होतो. जे खाईल ते त्याच्या चरबीत उतरतं आणि बाहेर निघायला दोन महिने लागतात. हे मला कोणी शाळेत शिकवलं नाही.

"जावईबापू, तुम्ही डुक्कर नाही वाढवलंत," मी म्हटलं. "चार पायांची तारली वाढवलीत."

संगीता हसली. तो हसला नाही.

जेटी

दुसऱ्या दिवशी म्हटलं, मला ती मासळी कुठून येते ते दाखवा. महेंद्र गाडीवरून घेऊन गेला. बंदरावर ही गर्दी. आमच्याकडे नदीचे मासे, टोपलीभर, बाई दारात येते, घासाघीस होते, संपलं. इथं मासा फावड्यानं उचलतात. बर्फाच्या गाड्या, हिरव्या-निळ्या होड्या, मुसलमान खलाशी, खारवी, नेपाळी पोरगे, सगळे एकमेकांवर ओरडणारे, आणि कोणी कोणावर रागावलेलं नाही. मला बरं वाटलं तिथं.

बाजूला वाळवणावर एक बाई काठीनं कावळे हाकत बसली होती. माझ्याच वयाची, नऊवारी, दात माझ्यापेक्षा बरे. नाव रुक्मिणी. तिनंच आधी हाक मारली.

"कुठली गो तू बाय? मासं बघतेस का पोरगं बघतेस?"

"पोरगा आमचा जावई. मासं बघतेय. ही तारली का नाही वाळवत तुम्ही?"

"तारली?" ती एवढी हसली की काठी थांबली आणि कावळे खाली उतरले. "तारली वाळते काय गो? तेल सुटतं जल्लं! वरनं सुकी दिसते, आतनं खवट. चार दिसात कुत्रं खाणार नाय. मांदेली वाळव, ढोमी वाळव, बोंबील वाळव. त्येंच्यात तेलच नाय, कुजेल काय? वरीसभर ठेव."

मी तिच्याजवळ बसले. माझं जे अर्धं कळलेलं होतं ते तिनं पुरं केलं. तेलकट मासा टिकत नाही, कारण तेल हवेनं खवट होतं. डुकरानं ते तेल खाल्लं, ते त्याच्या कातडीखाली जाऊन बसलं, तसंच पातळ, तसंच खवट व्हायला तयार. मग बर्फात ठेवा की माळा करा. मी महेंद्रला हाक मारून तिला ते परत सांगायला लावलं. ती त्याला म्हणाली, "मेल्या, आमचं कोळणीचं पोर पाचव्या वर्साला सांगेल हे. तू मुंबयला काय शिकलास?"

त्याचे कान लाल झाले. पण पटलं. तारली बंद करतो म्हणाला. फिलोमिनाला फोन करून दोन महिन्यांची मुदत मागतो म्हणाला. नारळाचं तेल काढणाऱ्या घाण्यावर पेंड मिळते, ती आणू असं संगीता म्हणाली. मी म्हटलं, पेंड उत्तम. खोबऱ्यानं चरबी घट्ट होते.

इथं थांबले असते तर बरं होतं. पण मी त्या दिवशी फार शहाणी झाले होते. तो म्हणाला, पेंड मिळेपर्यंत चार-पाच दिवस काय घालू, घरात दुसरं काही नाही. मी म्हटलं, "मासळी घालायचीच असेल तर ही बिनतेलाची सुकी घाला. हिनं काही बिघडत नाही."

रुक्मिणीनं ऐकलं नाही, ती गिऱ्हाइकाशी बोलत होती. ऐकलं असतं तर तिनं विचारलं असतं, कुठली सुकी?

पोती

तिच्या वाळवणावरची मांदेली नुसती उन्हात वाळवलेली, मीठ नाही. पण ती महाग, डुकराला कोण घालील? महेंद्रला पुढच्या गोदामात दोन पोती मिळाली. खारवलेली मुशी आणि ढोमी, पावसात भिजून रंग गेलेली, माणसाच्या उपयोगाची नाहीत म्हणून बाजूला टाकलेली. तेल नाही, हे खरं. मीठ होतं. निम्मं मीठच होतं.

घरात खारं आणलं तर कुठलीही कोकणातली बाई ते तीन पाण्यांनी धुते, मग शिजवते. हे कोणाला सांगावं लागत नाही. पोती शेडवर आली तेव्हा मी तिथं होते. पोत्यात हात घातला, बोट चाटलं, खारट लागलं. मी डुकरांसाठी तीन पाणी काढली नाहीत. मनात आलंच नाही. डुक्कर काहीही खातं, असं आम्ही म्हणतो, आणि म्हणून त्याच्या ताटाकडे बघत नाही.

त्याच दुपारी लाईट गेली. सड्यावर कुठेतरी खांब पडला होता. टाकीतलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी संपलं. महेंद्रनं खालच्या विहिरीवरून दोन कॅन आणले, ते पिल्लांच्या माद्यांना घातले, कारण पिल्लं मरतील ही भीती. चौदांच्या डोणीत तळाला चिखल होता. तो मी पाहिला. म्हटलं, येईल लाईट संध्याकाळपर्यंत. डुकरं ओरडत होती, भूक असेल म्हणून महेंद्रनं दुसरं पोतं घातलं. संध्याकाळी ओरडायची थांबली. मला वाटलं, पोट भरलं.

तिसऱ्या दिवशीची सकाळ मी सुरुवातीला सांगितली.

पेला

डॉक्टरीण दहाच्या सुमाराला स्कूटीवरून आली. लहानखुरी पोरगी, हेल्मेट काढल्यावर शाळकरी वाटावी अशी. तिनं आवाज चढवला नाही. डोण बघितली, पोतं हुंगलं, म्हणाली, "मीठ डोक्यात चढलंय. औषध असं खास काही नाही. पाणी थोडं थोडं, दर तासाला. आडवी पडलीत त्यांचं सांगता येत नाही."

"डॉक्टरीणबाई, चूक माझी," मी म्हटलं. "यांनी मला विचारून घातलं."

"ते नंतर बघा आजी. पेला घ्या."

आम्ही तिघांनी पेले घेतले. तासाला चौदा वेळा. जी पीत होती त्यांच्या पुढ्यात वाटी धरायची आणि संपली की ओढून घ्यायची. त्यांचे डोळे त्या वाटीमागे जायचे. त्यांना दिसत होतं. डुक्कर तहानलेलं असताना पाणी हिसकावून घेणं हे काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि मी डुकरं कापणारी बाई आहे. जी पडली होती त्यांच्या जबड्यात कापडाचा बोळा भिजवून पिळायचा. संगीता एकाच्या मानेवर हात ठेवून बसली होती, ते पाय मारायचं थांबलं तेव्हाही हात तसाच. दुपारपर्यंत तीन गेली. संध्याकाळी एक. दुसऱ्या दिवशी पहाटे एक.

मला राग येत होता. महेंद्रवर नाही. तो त्या दोन दिवसांत जेवला नाही आणि एकदाही "तुम्हीच सांगितलंत" म्हणाला नाही. म्हणाला असता तर सोपं झालं असतं.

टेंपो

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टेंपोवाला आला. डुकरांचा दलाल. बातमी त्याला कशी लागली देव जाणे, गिधाडाला लागते तशी. खाली उतरला, मेलेली पाच बघितली, पायानं एकाचं पोट दाबलं.

"पाचही नेतो," म्हणाला. "आणि पडलेली आहेत ती पण. हायवेला धाबे आहेत, मसाल्यात काय कळतंय कोणाला?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो खाली बघत होता, आणि मला दिसलं की तो हिशेब करतोय.

जावयाला आमच्यात अहो-जाहो करतात. लग्नापासून मी त्याला कधी अरे म्हटलं नव्हतं.

"अरे महेंद्र," मी म्हटलं, "वर बघ."

त्यानं वर बघितलं.

"माझा सासरा गावचं मेलेलं ढोर ओढायचा. तुझा आजाही ओढायचा. धम्म घेतला त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या बायांनीसुद्धा मेलेल्याचं मांस सोडलं. त्या वर्षी खायला दुसरं काही नव्हतं रे. कण्या खाल्ल्या, उपाशी निजल्या, पण परत त्या मांसाला शिवल्या नाहीत. आणि तू ते धाब्यावरच्या लोकांना न सांगता खायला घालणार?"

"आजी, हे ढोर नाही, डुक्कर आहे," टेंपोवाला म्हणाला. "आणि तुम्हीच तर मारलंत म्हणे."

ते खरं होतं. कोणीतरी सांगितलं असणार. माझ्या हातात पाण्याचा डबा होता. तो मी त्याला मारला नाही, पाणी डुकरांसाठी मोजून घेतलं होतं. डबा खाली ठेवला आणि शेण काढायचं फावडं उचललं.

"हो, मीच मारलीत," मी म्हटलं. "म्हणून सांगते, चालता हो."

तो महेंद्रकडे बघत राहिला. महेंद्र जाऊन शेडचं फाटक उघडून उभा राहिला. टेंपो मागे घ्यायला जागा नव्हती, त्याला वळवायला वेळ लागला.

मेलेली पुरायची कुठं हा प्रश्न. सड्यावर खड्डा खणायचा तर सुरुंग लावावा लागेल. शेवटी खालच्या अंगाला एक जुनी, बंद पडलेली चिरेखाण आहे, कोरडी, तिच्यात पाचही नेऊन टाकली. डॉक्टरणीनं सांगितला तेवढा चुना घातला. वर माती घालायला माती नव्हती, ती दरीतून डंपरनं आणावी लागली. कातळावर मरण्याचीही सोय नाही.

फिलोमिना

संगीतानंच तिला फोन केला. सगळं सांगितलं. तारली सांगितली, मीठ सांगितलं, पाच मेलेली सांगितली. मी शेजारी उभी होते. मग बाई म्हणाली, "मेल्लीं तीं खंय गेलीं?"

"पुरली."

"विकूंक ना?"

"नाही."

"बरें," फिलोमिना म्हणाली. "दोन म्हयने रावतां." म्हणजे थांबते.

आठ दिवसांसाठी गेलेली मी तीन आठवडे राहिले. घाण्यावरून पेंड आणली, नाचणी दळून आणली, खालच्या वाडीतून कणगी घेऊन चुलाणावर उकडली. मासळीची पिंपं महेंद्रनं धुऊन पाण्याला लावली, लाईट जाईल त्या दिवसासाठी. डोण दिवसातून चारदा बघायची, हे मी त्याला सांगितलं नाही. तो आपणच बघत होता. निघताना मी त्याला परत अहो म्हणाले. तो म्हणाला, "मावशी, अरेच बरं वाटतं." मी म्हटलं, नाही, ते त्या एका दिवसापुरतं.

पौषाच्या थंडीत संगीतानं बरणी पाठवली. रात्रभर ओट्यावर ठेवली, सकाळी पांढरी थिजली होती. चमचा उभा राहिला, थोडा कलला. माझ्या चरबीइतकी नाही. पण वास नाही, आणि पंधरा दिवस उघडी ठेवूनही आला नाही. फिलोमिनाच्या माळा टांगल्या आहेत, गळत नाहीत, असं संगीता सांगते. पुढची खेप तिनं मागितली आहे.

चौदा डुकरं होती. पाच मिठानं मेली. नऊ जगली, त्यांतली आठ दोन महिन्यांनी कापली. उरली एक मादी. ती उजव्या डोळ्यानं आंधळी राहिली आणि तिचं वजन भरलं नाही, म्हणून गाडीत घातली नाही. ती जिवंत आहे.